कलता सूर्य, दहिवर आणि शाळू: सोलापूरचा हिवाळा फोटोत कसा आणावा

मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात सोलापुरात दुपारी साडेबाराच्या सुमारास सूर्य जवळजवळ थेट डोक्यावर येतो. उभ्या काठीची सावली तिच्या बुडाशीच संपते. 21 डिसेंबरला तोच सूर्य ऐन दुपारी 49 अंशांच्या वर चढत नाही, आणि काठीची सावली जवळपास काठीएवढी लांब पडते. सोलापूरच्या हिवाळ्याचे फोटो काढायचे असतील तर सगळ्यात आधी ही सावली बघायला शिका. इथे बर्फ पडत नाही, डोंगरावरची झाडं लाल-केशरी होत नाहीत, आणि दुपारी पारा 30 च्या आसपास जातो. तरीही हिवाळा असतो. तो कलत्या उजेडात असतो, हरभऱ्यावरच्या दहिवरात म्हणजे दवात असतो, निसवलेल्या शाळूत म्हणजे कणसं आलेल्या रब्बी ज्वारीत असतो आणि हजारो मैलांवरून आलेल्या पाखरांत असतो.

मी बरीच वर्षं दर हिवाळ्यात इथल्या रानात आणि तळ्यांवर कॅमेरा घेऊन जातो आहे. त्यातून जे हाती लागलं ते इथे क्रमाने सांगतो. मोबाइल असो की मोठा कॅमेरा, बहुतेक गोष्टी दोन्हीला लागू पडतात.

आधी एकच जागा ठरवा

पहिल्या हिवाळ्यात मी पाच रविवारी पाच ठिकाणी गेलो. उजनी, नान्नज, माचणूर, हिप्परगा आणि अक्कलकोटकडचं कुरनूर धरण. फोटो शेकडो निघाले, पण कुठल्याच जागेचा स्वभाव कळला नाही. सूर्य कुठल्या बांधामागून वर येतो, धुई म्हणजे धुकं कुठल्या खोलगट भागात साचतं, पाखरं कुठल्या काठावर उतरतात, हे एका फेरीत समजत नाही.

म्हणून घरापासून वीस-पंचवीस मिनिटांवरची एकच जागा निवडा आणि नोव्हेंबर ते फेब्रुवारी या काळात तिथे निदान आठ सकाळी जा. शहरात राहत असाल तर विजापूर रस्त्यावरचा संभाजी तलाव, म्हणजे आपला कंबर तलाव, चालेल. तुळजापूर रस्त्यावरचा हिप्परगा तलाव त्याहून चांगला. ब्रिटिशांच्या काळात अडेला नदीवर बांधलेला हा एकरुख तलाव शहरापासून दहा-बारा किलोमीटरवर आहे, त्याचा काठ लांब आहे आणि आजूबाजूला शेती आहे, त्यामुळे पाणी, रान आणि पाखरं तिन्ही एकाच फेरीत मिळतात. स्वतःचं किंवा पाहुण्यांचं शेत असेल तर मात्र दुसरीकडे कुठेच जाऊ नका. ओळखीच्या बांधावर बसून काढलेल्या फोटोला जी जवळीक येते ती पर्यटकाच्या फोटोला येत नाही, असं माझं ठाम मत आहे.

पहिल्या दोन फेऱ्यांत फोटो कमी काढा आणि फिरा जास्त. एक छोटी वही ठेवा. तारीख, दहिवर होतं का, वारा कुठून होता, कुठलं पीक कुठल्या अवस्थेत होतं, एवढं लिहिलं तरी पुरे. जानेवारीत हीच वही तुम्हाला कुठे उभं राहायचं ते सांगेल.

उजेडाचं वेळापत्रक

सोलापुरात 21 डिसेंबरच्या सुमारास सूर्य पहाटे 6 वाजून 50 मिनिटांच्या आसपास उगवतो आणि संध्याकाळी 6 च्या थोडा आधी मावळतो. दिवस साधारण 11 तासांचा. त्या तारखेनंतर सकाळ लवकर उजाडू लागत असेल असं वाटतं, पण उगवण पुढेही थोडी थोडी लांबतच जाते आणि जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यात ती 7 च्या आसपास पोचते. शाळा-नोकरी सांभाळून फोटो काढणाऱ्यांना ही मोठी सोय आहे, कारण उन्हाळ्यासारखं साडेपाचला रानात पोचावं लागत नाही.

दुसरी गोष्ट दिशेची. डिसेंबरअखेर सूर्य बरोबर पूर्वेला उगवत नाही, पूर्वेपासून साधारण 25 अंश दक्षिणेकडे, म्हणजे आग्नेयेच्या बाजूला सरकून उगवतो. मावळतानाही तेवढाच नैऋत्येकडे सरकलेला असतो. ऑक्टोबरमध्ये एखाद्या बाभळीच्या मागे सूर्य बघून ठेवला असेल, तर डिसेंबरात तो तिथे सापडणार नाही. आदल्या संध्याकाळी मोबाइलमधल्या होकायंत्रावर दिशा बघा आणि झाड, विहीर, गंजी, जे काही फोटोत हवं असेल ते सूर्याच्या रेषेत येईल अशी जागा नक्की करा. पहाटे अंधारात धावपळ करण्यापेक्षा हे बरं.

उगवतीच्या आधीची वीस-पंचवीस मिनिटं आणि नंतरचा पाऊण तास, हा खरा ऐवज आहे. आधीच्या वेळेत सगळं निळसर असतं, नंतरच्या वेळेत उजेड सोनेरी आणि सावल्या निळ्या असतात. कॅमेऱ्याचा व्हाइट बॅलन्स, म्हणजे रंगांचा तोल, ‘ऑटो’वर असेल तर तो नेमकं हेच पुसून टाकतो, कारण त्याला सगळं पांढरंशुभ्र दाखवायचं असतं. तो ‘डेलाइट’वर कायम करा. मोबाइलच्या प्रो मोडमध्ये हा आकडा 5200 ते 5500 च्या दरम्यान ठेवा. एवढ्या एका बदलाने फोटोत थंडी दिसायला लागते.

पिशवीत काय हवं

मोबाइल असेल तर भिंग पुसायला स्वच्छ सुती कापड. बोटांचा तेलकटपणा भिंगावर असला की उगवत्या सूर्याचा फोटो पांढरट होतो, आणि दोष उगाच मोबाइलच्या माथी मारला जातो. कॅमेरा असेल तर साधी 18-55 ची लेन्सही रानासाठी पुरते. पाखरांसाठी मात्र निदान 300 मिलीमीटरची लागते.

ट्रायपॉड नसला तर दोन किलो ज्वारी जाड कापडाच्या पिशवीत भरून तोंड शिवून टाका. बांधावर, दगडावर, गाडीच्या काचेच्या कडेवर ही पिशवी ठेवली की कॅमेरा तिच्यात रुतून स्थिर बसतो. जमिनीलगतचे फोटो काढताना तर मला ती ट्रायपॉडपेक्षा जास्त उपयोगी वाटते.

अंगात स्वेटर आणि कानटोपी हवीच, पण आत सुती सदरा घाला, कारण साडेनऊनंतर ऊन चटकायला लागतं. पायात बूट असू द्या. कुसळी गवताची कुसळं मोज्यात शिरली की सकाळभर लक्ष फोटोकडे राहत नाही. बसायला एक जुनं पोतं घ्या, गुडघे आणि कोपरं ओली होत नाहीत. बॅटरी खिशात, अंगाच्या उबेला ठेवा आणि गॉगल गाडीतच राहू द्या, तो घातला की रंग कळत नाहीत.

दहिवराची सकाळ

दहिवर रोज पडत नाही. आभाळ निरभ्र असलं की रात्री जमीन आपली उष्णता वर सोडून देते, पानं सभोवतालच्या हवेपेक्षा थंड होतात आणि हवेतली ओल त्यांच्यावर थेंब होऊन बसते. ढग असले तर ते ही उष्णता अडवतात, वारा असला तर हवा ढवळली जाते, आणि दोन्ही वेळा पानं कोरडीच राहतात. त्यामुळे झोपण्यापूर्वी हवामानाच्या अॅपमध्ये पावसापेक्षा ढग आणि वारा बघा. दोन्ही नसतील तर गजर लावा. कोरड्या माळापेक्षा पाणी दिलेल्या गव्हात, हरभऱ्यात, कालव्याच्या कडेला दहिवर जास्त असतं.

हरभऱ्यापासून सुरुवात करा. त्याच्या पानांवर बारीक लव असते आणि त्यातून आंबट द्रव पाझरतो, त्यालाच आपण आंब म्हणतो. पहाटे हरभऱ्यावर सुती फडकं फिरवून ते पिळून आंब जमवायची पद्धत जुन्या घरांतून अजून आठवणीत आहे. या लवेमुळे थेंब पानावर पसरत नाहीत, सुटे सुटे गोल राहतात, आणि म्हणूनच हरभऱ्यावरचं दहिवर गव्हावरच्यापेक्षा फोटोत जास्त उठून दिसतं. आंब लागलेल्या बोटांनी भिंगाला हात मात्र लावू नका.

आता जागा कशी घ्यायची ते बघा. सूर्य पाठीशी ठेवून थेंबाचा फोटो काढला तर तो सपाट येतो. सूर्य समोर, पण किंचित बाजूला ठेवा. कॅमेरा पिकाच्या उंचीवर आणा, म्हणजे तुम्हाला बसावं, प्रसंगी पोटावर झोपावं लागेल. थेंबांच्या मागे सावलीतला बांध, विहिरीची भिंत किंवा लांबची झाडी अशी काहीतरी गडद पार्श्वभूमी येईल अशा बेताने सरका. थेंब उजेडाने पेटतात आणि मागचं सगळं शांत होतं. अर्धा फूट डावी-उजवीकडे सरकल्यावर किती फरक पडतो ते स्वतः करून बघा, वाचून ते कळत नाही.

मोबाइलवर थेंबावर बोट टेकवून धरा म्हणजे फोकस आणि उजेड दोन्ही कायम होतात, मग बोट खाली ओढून फोटो जरा गडद करा. अगदी जवळ गेल्यावर फोकस बसत नसेल तर मागे या आणि दुप्पट झूम वापरा. पोर्ट्रेट मोड गवतासाठी आणि कोळ्याच्या जाळ्यासाठी वापरू नका. बारीक तंतू कुठे संपतात ते त्याला कळत नाही आणि कडा खाल्ल्यासारख्या दिसतात.

कोळ्याची जाळी शाळूच्या ताटांमध्ये आणि तारेच्या कुंपणावर सापडतात. जाळ्याच्या बरोबर समोर, भिंग जाळ्याला समांतर राहील असं उभं राहा, नाहीतर अर्धंच जाळं स्पष्ट येतं. कॅमेऱ्यात छिद्र, म्हणजे लेन्समधून उजेड आत येतो ती जागा, एफ/8 च्या जवळ ठेवा. आणि जाळ्यावर बाटलीने पाणी शिंपडू नका. खोटे थेंब मोठे आणि ओघळलेले असतात, जाणकाराला लगेच ओळखू येतात, शिवाय त्या कोळ्याची रात्रभराची मेहनत वाया जाते.

आणखी एक प्रयोग. करडईला जानेवारीत पिवळी-केशरी फुलं लागतात. फुलाच्या थोडं पुढे एखाद्या पात्याच्या टोकाला थेंब लोंबत असेल तर त्यात ते फूल उलटं उमटलेलं दिसतं, कारण थेंब स्वतःच एक भिंग असतो. फोकस थेंबाच्या कडेवर न ठेवता आतल्या प्रतिमेवर ठेवा. वारा सुटायच्या आत, म्हणजे साधारण साडेआठच्या आधी, हा फोटो घ्यावा लागतो. मला त्यासाठी एकदा सलग चार सकाळी जावं लागलं, आणि चौथ्या सकाळी मिळालेला फोटो आजही भिंतीवर आहे.

धुई पडली तर

शेतकऱ्याला धुई नको असते, तुरीचा फुलोरा गळतो, किडीची भीती वाढते. म्हणून कुणाच्या रानात धुईचे फोटो काढताना ‘काय सुंदर पडलीय’ असं मोठ्याने म्हणण्याआधी समोरच्या माणसाच्या चेहऱ्याकडे बघा.

धुई दोन प्रकारची दिसेल. खोलगट रानात जमिनीलगत पसरलेली आणि पाण्यावरून वर उठणारी. पहाटे तळ्याचं पाणी वरच्या हवेपेक्षा उबदार असतं, म्हणून त्यातून वाफ निघताना दिसते. मंगळवेढ्याजवळ माचणूरला भीमेच्या पात्रावर आणि हत्तरसंग-कुडलला भीमा-सीनेच्या संगमावर अशा सकाळी बघाव्यात. सगळ्यात दाट धुई उगवतीच्या आगेमागे असते, कारण रात्रीची थंडी त्याच वेळी टोकाला पोचलेली असते. उगवतीनंतर फार उशिरा पोचलात तर हाती फार काही लागत नाही.

कॅमेरा धुई बघून फसतो. एवढा पांढरेपणा म्हणजे जास्त उजेड, असं समजून तो फोटो करडा आणि मळका करतो. एक्स्पोजर, म्हणजे फोटोचा उजळपणा, अधिक 0.7 ते अधिक 1 करा, मोबाइलवर बोट वर ओढा. चौकटीत काहीतरी एक गडद वस्तू हवीच, एखादं बाभळीचं झाड, होडी, देवळाचं शिखर, बैलगाडी. नुसत्या धुईचा फोटो म्हणजे कोरा कागद.

शाळूचं रान

या भागाला मी थोडी जास्त जागा देणार, कारण हिवाळ्यात सोलापूर जिल्ह्यासारखं रब्बी ज्वारीचं रान फार थोड्या ठिकाणी बघायला मिळतं. मंगळवेढा तर ज्वारीचं कोठार म्हणून ओळखला जातो आणि तिथल्या काळ्या जमिनीतल्या मालदांडी ज्वारीला भौगोलिक मानांकनही मिळालं आहे. ही ज्वारी बऱ्याच ठिकाणी नुसत्या जमिनीतल्या ओलीवर येते. डिसेंबरात निसवते, मग कणसात चीक भरतो, जानेवारीत हुरडा येतो, आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये काढणी होते. प्रत्येक अवस्थेचा रंग वेगळा. निसवताना हिरवट-पांढरा, हुरड्यात दुधाळ पोपटी, काढणीला मोत्यासारखा.

शाळू माणसापेक्षा उंच वाढतो, त्यामुळे रानात शिरून फोटो काढला की नुसती ताटं आणि पानं येतात. त्याऐवजी बांधावर किंवा विहिरीच्या थारोळ्यावर उभे राहा आणि कणसांचा थर दिसेल एवढी उंची घ्या. राखणीसाठी उभारलेला माळा असेल आणि मालकाने चढू दिलं तर त्याहून चांगली जागा नाही. उजेड समोरून येऊ द्या, म्हणजे प्रत्येक कणसाच्या कडेला सोनेरी रेघ उमटते. दुसरा मार्ग उलटा आहे. ताटाच्या बुंध्याशी बसा, मोबाइल जमिनीला टेकवा आणि वर आभाळाकडे बघत फोटो घ्या. निळ्या आभाळात झुकलेली कणसं त्या कोनातून एखाद्या मंडपासारखी दिसतात.

गोफण घेऊन पाखरं राखणारा माणूस हा इथल्या हिवाळ्याचा भाग आहे. त्याचा फोटो विचारूनच काढा. ‘काका, तुमचा एक फोटो घेऊ का?’ एवढं पुरतं, बहुतेक वेळा समोरून हुरड्याचं आमंत्रणच येतं. आगटीभोवतीचे फोटो फ्लॅश बंद ठेवून, विस्तवाच्याच उजेडात घ्या. कॅमेऱ्यात आयएसओ, म्हणजे उजेड टिपण्याची संवेदनशीलता, 1600 ते 3200 पर्यंत वाढवला तरी चालतो. धूर सूर्य आणि तुमच्यामध्ये आला की त्यात किरणांचे पट्टे दिसतात, त्यासाठी आगटीच्या वाऱ्याच्या बाजूला न बसता तिच्या पश्चिमेला बसा, सकाळचा सूर्य धुरातून तुमच्याकडे येईल.

मार्गशीर्षातली वेळा अमावस्या, आपली येळवस, चुकवू नका. अक्कलकोट, दक्षिण सोलापूर, बार्शी या भागांत त्या दिवशी सगळं घर रानात असतं. कडब्याची कोप उभी राहते, भज्जी, उंडे, आंबील होतं. उभ्या पिकाच्या मधोमध रंगीत लुगडी आणि पोरांची पळापळ. निसर्गाच्या फोटोत माणूस नको असा एक हट्ट असतो, मला तो आपल्याकडे गैरलागू वाटतो. इथला हिवाळा माणसाने पेरलेला आहे.

पिकात पाऊल टाकताना मात्र फार जपा. हरभऱ्याच्या सरीतून चालताना मोडलेला एक फाटा म्हणजे कुणाचेतरी घाटे असतात.

पाखरं

ज्वारी चिकात-हुरड्यात आली की भोरड्यांचे थवे रानावर उतरतात. गुलाबी अंग, काळं डोकं, साळुंकीच्या कुळातलं पाखरू. ती मध्य आशियाच्या बाजूने पावसाळ्याच्या शेवटी येतात आणि एप्रिलपर्यंत परत जातात. दाणे खातात म्हणून शेतकरी वैतागतो, पण किडेही भरपूर टिपतात. संध्याकाळी वस्तीला जाताना त्यांचे थवे आभाळात वळतात, दुमडतात, पसरतात. हा देखावा टिपायला लांब लेन्स नको, साध्या मोबाइलनेही तो येतो. सूर्य मावळल्यावर आभाळ अजून केशरी असताना, खाली झाडांची किंवा तारांची एक रेघ ठेवून रुंद फोटो घ्या. कॅमेऱ्यात दोन गती वापरून बघा. 1/1000 सेकंदाला प्रत्येक पाखरू सुटं दिसतं, 1/15 सेकंदाला सगळा थवा धुरासारखा होतो. दुसरा मला जास्त आवडतो.

उजनीसाठी वेगळी तयारी हवी. भीमेवरच्या या धरणाचा फुगवटा करमाळा तालुक्यात केत्तूर, कुगावकडे आणि पलीकडे पुणे जिल्ह्यात भिगवणपर्यंत पसरला आहे. रोहित पक्षी, म्हणजे फ्लेमिंगो, तिथे उथळ पाण्यात चिखल गाळून खातात. धरण पावसाळ्यात काठोकाठ भरलं तर उथळ दलदल पाण्याखाली राहते आणि पाणी ओसरेपर्यंत ते फारसे दिसत नाहीत. चांगल्या पावसाच्या वर्षी ते उशिरा येतात ते याचमुळे. म्हणून डिसेंबरात जायचं की फेब्रुवारीत, हे धरणात पाणी किती आहे ते बघून ठरवा. हिमालय ओलांडून येणारे पट्टकादंब, चक्रवाक, थापट्या, तलवार बदक, कुरव हे सगळे याच पट्ट्यात भेटतात.

होडीने जात असाल तर नावाड्याला आधीच सांगा की थवा उडवायचा नाही, लांबूनच इंजिन बंद करायचं. उडालेल्या रोहितांचा फोटो सगळ्यांना हवा असतो, पण ही पाखरं इथे परतीच्या प्रवासासाठी अंगावर चरबी साठवत असतात, आणि दिवसात दहा होड्यांनी दहा वेळा उडवलं तर खाणार कधी? थांबलात तर ती आपणहून एका जागेवरून दुसरीकडे उडतातच. त्या क्षणासाठी शटर 1/1000 ते 1/1600 वर, फोकस ‘कंटिन्युअस’वर आणि सलग फोटो घेण्याची सोय सुरू ठेवा. पांढरं पाखरू गडद पाण्यावर असेल तर एक्स्पोजर उणे 0.7 करा, नाहीतर पिसांचे तपशील उडून जातात. तेच पाखरू उजळ आभाळात असेल तर अधिक 1.

काठावरच्या बारक्या पाखरांसाठी, धोबी, तुतारी, शेकाट्या यांच्यासाठी, एकच नियम आहे. पाण्याच्या कडेला पाखराच्या डोळ्याच्या उंचीवर झोपा आणि हलू नका. पंधरा-वीस मिनिटांत ती तुम्हाला दगड समजून जवळ येतात. उभं राहून काढलेल्या फोटोत पाखरू चिखलात चिकटवल्यासारखं दिसतं, झोपून काढलेल्यात त्याच्यामागे लांबचं पाणी विरघळून जातं.

नान्नजचं अभयारण्य 1979 साली माळढोकासाठी झालं. माळढोक दिसणं आता फार फार दुर्मीळ झालं आहे आणि त्याच आशेने गेलात तर निराश व्हाल. पण माळ बघायला जा. हिवाळ्यात गवत वाळून सोनेरी होतं, काळविटांचे कळप त्यात मिसळून जातात, आणि भोवत्या नावाचे शिकारी पक्षी गवताच्या शेंड्यांवरून इतके खाली तरंगत जातात की त्यांची सावली आणि ते एकत्रच दिसतात. संध्याकाळी ते जमिनीवर, गवतातच वस्तीला उतरतात, तेव्हा पायी गवतात शिरायचं नाही. वनखात्याची परवानगी घ्या, ठरवून दिलेल्या वाटेवर राहा, ड्रोन घरी ठेवा. चारचाकीतून, इंजिन बंद करून, काचेवर ज्वारीची पिशवी ठेवून काढलेले फोटो पायी पाठलाग करून काढलेल्यांपेक्षा हमखास चांगले येतात, कारण जनावर गाडीला बिचकत नाही, माणसाच्या आकृतीला बिचकतं. लांडग्याची पिलं किंवा बीळ दिसलं तर जागा कुणालाही सांगू नका, फोटोसोबत गावाचं नावही लिहू नका.

साडेदहानंतर माळावर झळा उठू लागतात. डोळ्यांना विशेष जाणवत नाही, पण लांब लेन्समधून लांबचं काळवीट पाण्यातून बघितल्यासारखं थरथरतं. कितीही महागडी लेन्स असली तरी फोटो भुरकटच येणार. तेव्हा लेन्स पिशवीत टाका.

दुपार आणि रात्र

दुपारी 49 अंशांवरचा सूर्य पानातून आरपार जाणारा उजेड देतो. लिंबाची पिवळी पडलेली पानं, पिंपळाचं जाळीदार पान, भेगाळलेली काळी जमीन, बोरीच्या काट्यांमधली पिकली बोरं. जवळ जा आणि छोटं काहीतरी निवडा. फेब्रुवारी लागला की निष्पर्ण काटेसावरीवर लाल फुलं येतात, तिच्यावर येणारी पाखरं टिपायला दुपारही चालते.

रात्रीसाठी अमावस्येच्या आसपासचा दिवस आणि स्वतःचं किंवा ओळखीचं रान हवं. मृगाचे तीन तारे, व्याध, रोहिणी, कृत्तिका हिवाळ्यात संध्याकाळपासूनच आभाळात असतात. 13-14 डिसेंबरच्या रात्री मिथुन राशीकडून उल्का पडताना दिसतात. 18 ते 24 मिलीमीटरची लेन्स, छिद्र जेवढं उघडेल तेवढं, 15 सेकंद आणि आयएसओ 3200, इथून सुरुवात करा. भिंगावर दव बसतं, दर काही मिनिटांनी बॅटरीच्या उजेडात तपासत राहा.

घरी आल्यावर

त्याच दिवशी फोटो निवडू नका, सगळेच आवडतात. दोन दिवसांनी बसा आणि एका सकाळचे पाचच ठेवा. संगणकावर किंवा मोबाइलवर सुधारताना रंग वाढवायचा मोह आवरा. सोलापूरच्या हिवाळ्याचे रंग मुळात फिके आहेत, वाळक्या गवताचा, कडब्याचा, धुळीचा पिवळसर. तो फिकेपणा घालवला तर फोटो दुसऱ्याच मुलखातला वाटतो. धुईच्या फोटोला ‘डिहेझ’ ही धूसरपणा काढणारी सोय लावू नका, त्याने धुईच निघून जाते. क्षितिज मात्र सरळ करा, तळ्याचं पाणी एका बाजूला वाहून चाललेलं बघवत नाही.

प्रत्येक फोटोच्या नावात तारीख आणि जागा टाका. पुढच्या वर्षी त्याच तारखेला त्याच बांधावरून पुन्हा एक फोटो घ्या. तीन-चार हिवाळ्यांनंतर ते शेजारी शेजारी लावले की पाऊस कधी जास्त झाला, शाळूच्या जागी ऊस कधी आला, कुठली बाभूळ तुटली, सगळं एका नजरेत दिसतं.

आणि ज्याच्या रानात फोटो काढला त्याच्यासाठी एक प्रिंट काढा. मोबाइलवर पाठवलेला फोटो दोन दिवसांत खाली जातो, कागदावरचा देवघराच्या शेजारी लागतो. सहा बाय चारचा, मॅट कागदावर, मागे तारीख लिहून. काढणीच्या आधी नेऊन द्या, म्हणजे फोटोतलं रान अजून त्याच्यासमोर उभं असेल.